बरं होईपर्यंतचा खर्च

पैठणचं एक भट्ट घराणं सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीला जाऊन राहिलं. रामेश्वरभट्ट गेले, त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट काशीच्या पंडितसभेत अग्रपूजेचे मानकरी ठरले, आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं या एका मराठी घरातून धर्मशास्त्रावरचे ग्रंथ निघत राहिले. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. आपल्याकडे या घराण्याची आठवण बहुधा तेवढ्या एका प्रसंगापुरती काढली जाते. मला सांगायचं आहे ते नारायणभट्टांच्या नातवाविषयी, नीलकंठभट्टांविषयी. यमुना आणि चंबळच्या संगमाजवळ भरेहला भगवंतदेव नावाचा सेंगर राजपूत राजा होता. त्याच्या आश्रयानं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठभट्टांनी बारा मयूखांचा 'भगवंतभास्कर' रचला. त्यातला 'व्यवहारमयूख' न्यायदानाविषयी आहे. कर्ज, ठेव, वाटणी, वारसा यांच्या बरोबरीनं वाक्पारुष्य, दंडपारुष्य आणि साहस अशी प्रकरणंही त्यात आहेत. दंडपारुष्य म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर हात, काठी, शस्त्र किंवा दगड टाकून केलेली इजा.

या दंडपारुष्याच्या प्रकरणात धर्मशास्त्रकार पिढ्यान्‌पिढ्या एका नियमाची चर्चा करत आले. मनुस्मृतीत तो आहे, याज्ञवल्क्यस्मृतीत आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. त्याचं नाव समुत्थानव्यय. कुणी कुणाला जखमी केलं, तर राजाला द्यायचा दंड वेगळा. त्याशिवाय जखमी माणूस पुन्हा उठून उभा राहीपर्यंत वैद्य, औषध, पथ्य यांना जे काही लागेल ते इजा करणाऱ्यानं भरायचं. स्मृतिकार कात्यायन आणखी पुढे जातो. एखादा अवयव कायमचा निकामी झाला, तर उपचाराच्या खर्चाबरोबरच त्या माणसाचं समाधान होईल एवढी रक्कमही द्यावी, असं तो सांगतो. कौटिल्यानं तर मोठ्या जनावराला केलेल्या इजेसाठीही हा खर्च लावला आहे.

दंड आणि समुत्थानव्यय यांतला फरक साधा आहे, पण त्यातच सगळं आलं. दंड राजाच्या खजिन्यात जातो, समुत्थानव्यय जखमीच्या घरी येतो. अपराध राजाविरुद्ध झाला असेल, पण मोडला तो कुणाचा तरी हात, आणि तो हात बरा होण्याची जबाबदारी ज्यानं मोडला त्याची. नुकसानभरपाईची आपल्याकडची कुळकथा सांगायची तर ती इथून सांगावी लागते.

निष्काळजीपणाचाही विचार या ग्रंथांत आहे, आणि तो चकित करणारा आहे. बैलगाडीखाली कुणी सापडलं तर दोष कुणाचा? वेसण तुटली, जू मोडलं, गाडीवानानं 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितलं होतं, अशा दहा प्रसंगी मनू दोष लावत नाही. पण गाडीवान अडाणी असल्यामुळे गाडी भरकटली, तर दंड मालकाला, कारण अडाणी माणसाच्या हाती कासरा त्यानं दिला. गाडीवान निष्णात असूनही गफलत झाली, तर दंड गाडीवानाला. अडाणी गाडीवानाच्या गाडीत जाणूनबुजून बसलेल्यांनाही दंड आहेच. चालकाच्या चुकीला मालक कुठवर जबाबदार, हा आज मोटार अपघात न्यायाधिकरणात रोज निघणारा प्रश्न आहे. वैद्यालाही सूट नाही: खोटे उपचार केल्यास दंड, रोगी जनावर असेल तर कमी, माणूस असेल तर जास्त. मात्र याज्ञवल्क्यानं राजपुरुषावरच्या चुकीच्या उपचाराला सगळ्यात जबर दंड ठेवला, आणि इथेच या ग्रंथांचं दुसरं अंग दिसू लागतं.

ते अंग लपवून ही कथा सांगता येणार नाही. इजा तीच, पण कुणी कुणाला केली यावर शिक्षा बदलत होती. खालच्या मानलेल्या वर्णाच्या माणसानं ब्राह्मणावर हात उगारला, तर तो हातच तोडावा, असं हे ग्रंथ सांगतात. बायको, मुलगा, दास यांना दोरीनं किंवा बांबूच्या फोकानं मारायला मनूची परवानगी आहे. घरात मार खाणारी बाई आणि मालकाचा मार खाणारा दास यांना या व्यवस्थेत समुत्थानव्यय मागायला तोंडच नव्हतं. नियम उत्तम होता, पण ज्यांना त्याची गरज सगळ्यात जास्त, त्यांच्यासाठी दार बंद होतं. हे अन्यायकारक होतं आणि तसंच म्हटलं पाहिजे.

पुढे १७७५ साली बनारस अवधच्या नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. त्याआधीच, १७७२ साली, वॉरन हेस्टिंग्जनं बंगालसाठी ठरवलं होतं की वारसा, विवाह, जात आणि धार्मिक चालीरीती एवढ्याच बाबतींत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यायचा. १७९५ मध्ये बंगालचे नियम बनारस प्रांतालाही लागू झाले. या यादीत दंडपारुष्य नव्हतं. फौजदारी कामात तेव्हा इस्लामी कायदा चालत असे. त्यात जखमीला किंवा मृताच्या वारसांना द्यायच्या भरपाईची, दियतची सोय होती. ती सोयही कंपनीनं १७९० नंतरच्या दशकात काढून घेतली आणि भरपाईच्या जागी कैद आणली. खून पैशांवर मिटवला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. पण परिणाम असा झाला की हिंदू आणि मुसलमान दोन्ही परंपरांत जखमीच्या हाती काही ठेवणारी जी वाट होती ती बुजली, आणि आरोपी तुरुंगात गेला तरी जखमी रिकाम्या हातानं घरी परतू लागला.

याच काळात बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन यानं १७९१ साली तिथे संस्कृत पाठशाळा काढली. कचेऱ्यांना हिंदू कायदा सांगू शकणारे पंडित तयार करणं हा तिचा एक हेतू होता. हाच डंकन १७९५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. काशीत रचलेला व्यवहारमयूख मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणात तोवर प्रमाणग्रंथ होऊन बसला होता. बोरॅडेलनं १८२७ साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये याज्ञवल्क्यस्मृतीसह पुन्हा केलं, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९२६ साली त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. एवढे विद्वान हात या ग्रंथाला लागले, पण न्यायालयांनी त्यातून घेतलं ते बहिणीला वारसा कितवा, दत्तकाचा हक्क किती, एवढंच. दंडपारुष्याचं प्रकरण छापलं गेलं, वाचलं गेलं, आणि कुठल्याही जखमीच्या कामी आलं नाही.

त्यामुळे आजची नुकसानभरपाई ही समुत्थानव्ययाची थेट वारस नाही. ती विलायतेहून आली. माणूस मेला की त्याचा दावाही मेला, असा इंग्रजी न्यायालयांचा जुना नियम होता. रेल्वे आल्यावर तो निभेना, म्हणून इंग्लंडमध्ये १८४६ साली आणि भारतात १८५५ साली मृताच्या पत्नी, पती, आईवडील आणि मुलांना दावा लावू देणारा कायदा झाला. तो प्राणघातक अपघात कायदा आजही अस्तित्वात आहे. १८६० च्या दंडसंहितेत निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूसाठी वेगळं कलमच नव्हतं. ३०४-अ हे कलम १८७० मध्ये घातलं गेलं. दिवाणी अपकृत्यांचा संपूर्ण कायदा करावा म्हणून सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ च्या सुमारास मसुदाही लिहून दिला. तो कधी मंजूर झाला नाही. वारसा, करार, मालमत्ता हस्तांतर सगळ्यांची कलमं झाली. शरीराला झालेल्या इजेचा कायदा मात्र निकालपत्रांत विखुरलेला राहिला.

त्या निकालांतला एक आपल्या घरचा आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणलं. हाड बसवताना पुरेशी भूल न देता जोर लावला गेला, आणि त्याच रात्री तो गेला. वडिलांनी २५,००० रुपयांचा दावा लावला, न्यायालयानं ३,००० मंजूर केले. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला आणि रुग्ण हाती घेणाऱ्या डॉक्टरवर कोणती कर्तव्यं येतात हे स्पष्ट शब्दांत मांडलं. पंधरा वर्षं आणि तीन हजार रुपये. पण वैद्यकीय निष्काळजीपणाचा आजचा कायदा त्या बापाच्या चिकाटीवर उभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेणाऱ्या रुग्णालयांची सेवा त्याच्या कक्षेत आणली. अशा रुग्णालयात मोफत उपचार घेणारा गरीब रुग्णसुद्धा आता ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो.

सरकारच इजा करतं तेव्हा काय? १९८३ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासमोर रुदुल शाहचं प्रकरण आलं. निर्दोष सुटल्यावरही बिहारच्या तुरुंगात त्याला चौदा वर्षं डांबून ठेवलं होतं. त्याची सुटका झाली होती, पण तेवढ्यावर न थांबता न्यायालयानं राज्याला आणखी ३०,००० रुपये द्यायला लावले, आणि मूलभूत हक्काचा भंग झाला तर रिट अर्जातही भरपाई मिळू शकते, ही नवी वाट पडली.

वाराणसीत १५ मे २०१८ रोजी कँट स्टेशनजवळ बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाच्या तुळया खालच्या गाड्यांवर कोसळल्या. किमान पंधरा जण दगावले. राज्य सरकारनं त्याच दिवशी मृतांच्या कुटुंबीयांना पाच लाख आणि जखमींना दोन लाख जाहीर केले. अशी मदत लागते, ती तातडीनं मिळावी. पण तिचं नाव सानुग्रह आहे, म्हणजे देणाऱ्याची कृपा. भरपाई म्हणजे कृपा नव्हे. दोष कुणाचा हे ठरतं, हिशोब मांडला जातो, आणि ज्याचा दोष त्याच्याकडून वसुली होते. जाहीर झालेल्या रकमेनं हा हक्क संपत नाही, हे जखमीला त्याच वेळी कुणीतरी सांगायला हवं असतं.

याच शहरातल्या रस्त्याकडेला झोपणाऱ्या कुटुंबांची मुलं चोरून दुसऱ्या राज्यांत विकणाऱ्या टोळीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या पीठानं आरोपींचे जामीन रद्द केले, आणि निकाल देताना पीडितांच्या भरपाईचाही आदेश द्यावा, असं खालच्या न्यायालयांना सांगितलं. त्यासाठी ज्या निधीचा उल्लेख झाला त्याला उत्तर प्रदेश सरकारनं राणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं आहे. राणी काशीत जन्मलेल्या, मोरोपंत तांबे यांच्या कन्या. ज्यांना जुन्या ग्रंथांत तोंड नव्हतं, त्या बायकामुलांसाठीचा निधी एका मराठी मुलीच्या नावानं तिच्या जन्मभूमीत चालतो, याचं मला मोल वाटतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही मारहाण झालेल्या स्त्रीला औषधोपचाराचा खर्च मागता येतो. मनूनं जिच्यासाठी बांबूचा फोक लिहिला, तिला समुत्थानव्यय मिळायला २००५ साल उजाडावं लागलं.

वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली, तर काही गोष्टी लक्षात असू द्या. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती, प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. बुडालेल्या रोजंदारीचा आणि रिक्षाभाड्याचाही हिशोब लिहा. रुग्णालयाकडून कागदपत्रांच्या प्रती मागा, तो तुमचा हक्क आहे. पूर्ण समेट झाल्याच्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. फौजदारी तक्रार केली म्हणून भरपाईचा दावा बंद होत नाही, दोन्ही बरोबर चालू शकतात. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. मोटार अपघाताच्या अर्जासाठी कायद्यात सहा महिने लिहिले आहेत. वाहन पळून गेलं तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. बलात्कार किंवा ॲसिडहल्ला झालेल्या व्यक्तीवर तातडीचे उपचार मोफत करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. आरोपी सापडला नाही तरी पीडित भरपाई योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तिथे वकील मोफत मिळतो. प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि देशभरासाठीचा मदतक्रमांक १५१०० आहे.