रस्त्याची वाटणी

एके काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. १९९० च्या सुमारास मी पिंपरीला कामास लागलो, तेव्हा पहिल्या पाळीचा भोंगा होण्यापूर्वी मुंबई-पुणे रस्त्यावर हँडलला डबा अडकवलेल्या कामगारांची रीघ लागलेली असे. पुढे तीच माणसे कर्ज काढून मोटारसायकलीवर आली. ती सर्वस्वी हौस नव्हती. त्यात भीतीही होती. माझा एक सोबती रात्रपाळीहून परतताना ट्रकखाली सापडला. त्याच्या आईने आम्हांस एवढेच विचारले, "कडेकडेनेच चालवत होता ना रे तो?" काय सांगणार? रस्त्याला त्याच्यासाठी कडच उरली नव्हती.

सायकलमार्गाची गोष्ट काढली की शहाणी माणसे म्हणतात, "ते हॉलंडात चालते. तो देश सपाट, माणसे शिस्तीची." इतिहास निराळे सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या आणि सायकली मागे हटल्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हे त्यांच्या चळवळीचे नावच होते. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवारी मोटारी बंद राहिल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो ते साऱ्यांनी पाहिले. मग सरकारने टिलबर्ग व हेग येथे नमुन्याचे मार्ग बांधले. ते उत्तम होते. परंतु एकाकी असल्याने सायकलस्वार फारसे वाढले नाहीत. डेल्फ्टने १९८० नंतर शहरभर जोडमार्गांचे जाळे विणले, तेव्हा फळ दिसले.

आपण नेमका हाच धडा घेतला नाही. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर या बसमार्गाबरोबर सायकलमार्गही झाले. पण कोठे गाड्या उभ्या, कोठे टपरी, कोठे मार्गच मध्ये संपलेला. एक ना धड, भाराभर चिंध्या! पुढे "सायकलमार्ग कोणी वापरत नाही" असा ठपका मात्र सायकलवाल्यावरच आला. २०१७ साली महापालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर जाळे आहे. ते जमिनीवर उतरले पाहिजे.

"रस्ते आधीच अरुंद," हा दुसरा आक्षेप. वाहतुकीच्या अभ्यासकांचा ढोबळ हिशेब ऐका: साडेतीन मीटरच्या पट्ट्यातून तासाभरात मोटारींनी सुमारे २,००० माणसे जातात, सायकलींनी १४,०००. जागा थोडी, म्हणूनच ती जपून वाटायची. सायकलवर बसलेला प्रत्येक माणूस मोटारवाल्यालाही वाट मोकळी करून देतो.

मी चार बुके स्वतःच्या हिमतीवर वाचलेला कामगार. एवढे मात्र युनियनने शिकवले, की आठ तासांचा दिवस कोणी दयेने दिला नाही आणि सायकलमार्गही कोणी दयेने देणार नाही. रस्ता सर्वांच्या पैशाने होतो. त्यातली एक सलग, अभंग कड मागणे ही याचना नव्हे. तो आपला वाटा आहे.