पूर्णेच्या कांठचीं जाळीं

मासे धरण्याचें साधन पाण्यांत हरवलें, तर पुढें त्याचें काय होतें, हा प्रश्न पूर्वीं फारसा कोणास पडत नसे. १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हा पूर्णा, कयाधू व पैनगंगा या नद्यांचा मुलूख. येथें भोई समाजानें पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली. आणि जुन्या काळीं तिचें बहुतेक साहित्य शेतांतून व रानांतून येई.

दख्खनच्या जाळ्यांस धागा लागे तो तागाचा किंवा कापसाचा. ताग कापून त्याच्या पेंढ्या साचलेल्या पाण्यांत भिजत घालावयाच्या, सुटलेली साल सोलावयाची, ती धुऊन वाळवून वाख काढावयाचा व त्यास पीळ घालावयाचा, अशी ही रीत. जॉर्ज वॉट यांच्या १८८९ पासून प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानांतील उपयुक्त वस्तूंच्या कोशांत तागाचा हा उपयोग नमूद आहे. जाळें तरंगण्यास हलकें लांकूड किंवा वाळला भोपळा, तळ गांठण्यास भाजल्या मातीचे मणी, आणि ओढ्यांत लावण्यास बांबूच्या कामट्यांचे सापळे.

या साहित्यांत वैगुण्य एकच, पण मोठें. वनस्पतीचा धागा पाण्यांतील सूक्ष्म जंतु खातात. म्हणून जाळें वरचेवर वाळवावें लागे व झाडाच्या सालीच्या तुरट काढ्यांत बुडवावें लागे. त्यानें कुजणें लांबे, थांबत नसे.

१९३८ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँ कंपनीनें नायलॉन जाहीर केलें. १९५७ सालीं कोचीन येथें मत्स्य-तंत्रज्ञानाची मध्यवर्ती संस्था निघाली, व सुताऐवजीं नायलॉन वापरण्यास तिनें चालना दिली. इकडे १९६८ सालीं पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें पुरीं झालीं. वाहत्या नदीचे विस्तीर्ण जलाशय झाले. त्यांत रात्रभर उभीं ठेवावयाचीं लांब जाळीं हवीं झालीं. नायलॉन बळकट, न कुजणारें, माशास सहसा न दिसणारें. तें भोयांनीं स्वीकारलें यांत नवल नाहीं. कष्ट वांचले व मासळी अधिक आली.

परंतु जो गुण तोच दोष ठरला. सुताचें हरवलेलें जाळें कांहीं काळानें कुजून जाई. नायलॉनचें जाळें बुडालेल्या खुंटास अडकलें, कीं धन्यावांचूनहि मासे धरीत राहतें. आणि झिजलें तरी त्याचे कण गाळांत उरतात.

मग जुन्या जाळ्याकडे परतावें काय? नॉर्वेंत कालांतरानें विघटन पावणाऱ्या कृत्रिम धाग्याचीं जाळीं वापरून पाहिलीं, तेव्हां नायलॉनपेक्षां मासे कमी सांपडले. ही तूट गरीब भोयानें एकट्यानें सोसावी, हें न्याय्य नव्हे. अलास्कांत खेकड्यांच्या सापळ्याचें एक तोंड सुती दोऱ्यानें शिवण्याचा नियम आहे. सापळा हरवल्यास दोरा कुजतो, तोंड उघडतें व जीव सुटतात. हिंगोलीच्या जलाशयांतहि सबंध जाळें न बदलतां तरंगक बांधण्याचा दोरा तागाचा व वजनें भाजल्या मातीचीं ठेवतां येतील. दोरा कुजला, कीं हरवलेलें जाळें तळाशीं कोसळेल व त्याची निरर्थक शिकार बरीचशी थांबेल. ताग शेतांत हिरवळीच्या खतासाठीं आजहि पेरला जातो. त्याचा वाख काढणारे हात मात्र विरळ होत आहेत, आणि ही विद्या पुस्तकांतून शिकतां येण्यासारखी नाहीं.