नीळ, काळं कापड आणि कापूर

यवतमाळला मे महिन्यात पॉलिअ‍ॅनिलिन हे वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक करायला घेतलं, तेव्हा पहिली अडचण आली ती बर्फाची. आम्लात विरघळवलेल्या अ‍ॅनिलिनमध्ये अमोनियम परसल्फेट पडलं की द्रावण आपसूक तापतं. ते शून्य ते पाच अंशांत राखलं तर रेणूंची साखळी अधिक लांब वाढते. आर्णी रोडवरच्या रसवंतीतून लादीचा तुकडा पोत्यात गुंडाळून आणला, फोडून घमेल्यात भरला, वर मीठ टाकलं आणि मधोमध बीकर बसवला. काही मिनिटं काहीच घडेना. मग कडेनं निळसर छटा उतरली, निळं गडद होत गेलं आणि शेवटी सगळा बीकर गर्द हिरवा झाला. काचेवर जमलेल्या थराला चक्क तांब्याची झाक होती.

त्या हिरव्या भुकटीवर अमोनियाचं पाणी ओतलं की ती निळी पडते. निळ्या भुकटीतून वीज जवळजवळ जातच नाही. पुन्हा आम्ल घातलं की हिरवा रंग परत येतो आणि वाहकता साधारण अब्जपटीनं वाढते. पदार्थ तोच, साखळी तीच. फरक फक्त आत शिरलेल्या आम्लाचा; असं आत शिरवण्याला डोपिंग म्हणतात.

या हिरव्याचं कूळ आपल्या निळीपाशी सुरू होतं. १८४० साली रसायनज्ञ फ्रिट्शेनं नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवून एक तेलकट द्रव मिळवला आणि त्याला अ‍ॅनिलिन म्हटलं. त्या नावामागचा पोर्तुगीजांचा ‘अनिल’ म्हणजे नीळ; तो शब्द अरबीतून आला, अरबीत तो संस्कृत ‘नीली’वरून गेला. हाच द्रव रुंगेनं १८३४ मध्ये कोळशाच्या डांबरातून काढला होता. १८६२ मध्ये लंडनच्या लेथबीनं अ‍ॅनिलिनच्या द्रावणात वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमच्या पत्र्यावर निळा-हिरवा थर चढला. ती बहुधा पॉलिअ‍ॅनिलिनची पहिली फिल्म. तिच्यातून वीज वाहते का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

कारण सगळ्यांचं लक्ष रंगाकडे होतं. १८६३ मध्ये लँकेशायरमधल्या अ‍ॅक्रिंग्टनच्या लाइटफूटनं सुती कापडावरच अ‍ॅनिलिनचा पक्का काळा रंग घडवण्याची रीत काढली. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे पुढे ज्या कापसासाठी टाकली गेली, त्याची वाट मुंबईहून याच लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात होती. छत्र्यांचं कापड, कोटांची अस्तरं या काळ्यानं रंगू लागली. पण त्यात एक खोट होती. कोळशाच्या धुरातला आम्लवायू लागला की काळं कापड हिरवट पडायचं. रंगाऱ्यांनी ही खोड मोडायला वर्षानुवर्षं खटपट केली आणि ‘हिरवा न पडणारा काळा’ शोधून काढला. मला या कुळकथेत सगळ्यात जास्त चटका लावतं ते हेच. ज्या हिरव्याला ते कापडातून हाकलत होते, तोच विजेचा होता.

तो हिरवा ओळखायला शंभर वर्षं लागली. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये जोझेफोविच आणि सहकाऱ्यांनी आम्लाबरोबर वाहकता बदलते हे मोजलं. १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलिनला आयोडीनची वाफ देऊन प्लॅस्टिकमधून वीज वाहती केली. त्याबद्दल २००० चं नोबेल मिळालं. मॅकडायर्मिड नंतर पॉलिअ‍ॅनिलिनकडे वळले. आमच्यासारखी साधी, मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) आम्लातली भुकटी कितपत वाहते, याचा चोख आकडा २००२ साली आला. वेगवेगळ्या पाच संस्थांतल्या आठ जणांनी एकच कृती करून ५९ नमुने बनवले. सरासरी निघाली ४.४ सीमेन्स प्रति सेंटीमीटर.

पण याच्या कितीतरी पुढची उडी त्याआधीच मारून दिली होती कापरानं. कापरापासून केलेलं सल्फोनिक आम्ल मिठाच्या आम्लाच्या जागी घातलं, तर पॉलिअ‍ॅनिलिन मेटा-क्रेसॉल या द्रवात विरघळतं आणि काचेवर त्याची पातळ फिल्म ओतता येते. काओ, स्मिथ आणि हीगर यांनी १९९२ मध्ये हे दाखवलं. वाहकता शंभराच्या पुढे गेली. तेच मिश्रण क्लोरोफॉर्ममधून ओतलं तर ती एकाच्याही खाली राहते. मग क्रेसॉलनं नेमकं केलं काय?

पिंजाऱ्याला विचारावं. बोंडातून निघालेला कापूस गुंतलेला असतो. तो पिंजून मोकळा केला, तंतू एका दिशेला लागले, की पेळू होतो आणि सूत निघतं. क्लोरोफॉर्ममध्ये साखळी गोळा होऊन बसते, क्रेसॉलमध्ये ती उलगडते, लांब होते आणि शेजारच्या साखळीला समांतर लागते. मग विजेला अडखळावं लागत नाही. मॅकडायर्मिड आणि एपस्टाइन यांनी १९९४ मध्ये याला दुय्यम डोपिंग म्हटलं: क्रेसॉल बहुतांशी उडून गेलं तरी उलगडलेपण टिकतं.

आपल्याकडे सोलापूर विद्यापीठात डॉ. व्ही. बी. पाटील यांच्या गटानं हेच कापराचं आम्ल घालून पॉलिअ‍ॅनिलिनच्या संमिश्र फिल्म केल्या आणि वायू ओळखण्याच्या कामी त्या लावून पाहिल्या. पॉलिअ‍ॅनिलिनच्या फिल्मला अमोनिया लागला की तो साखळीतलं आम्ल ओढून घेतो, वाहकता उतरते आणि मीटरवरचा रोध चढतो. घमेल्यातल्या बर्फाचं पाणी झालं, त्या दुपारी आमच्या बीकरमध्ये हिरवी भुकटी निळी पडली, ती याच कारणानं.