माशांना न आवडणारा निळा रंग : फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट

स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले की घरोघरी एकच प्रश्न निघतो : वीस वर्षांनी जुनाट दिसणार नाही असे काय निवडावे? ओटा काळा की पांढरा, कपाटांना लाकूड की लॅमिनेट, भिंतीला कोणती फरशी? हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतील एका शहराने दहा हजार घरांसाठी तो एकदम सोडवून पाहिला होता. त्या उत्तराचे पुढे काय झाले, त्याविषयीचा हा धागा.

काळ १९२५ नंतरचा, शहर फ्रँकफर्ट. पहिले महायुद्ध हरलेल्या जर्मनीत घरांची भीषण टंचाई होती. एर्न्स्ट माय या वास्तुविशारदाकडे शहराच्या बांधकामाची सूत्रे आली आणि पुढील पाचेक वर्षांत कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गीयांसाठी १२,००० हून अधिक घरे उभी राहिली. घरे लहान होती, भाडे परवडणारे ठेवायचे होते, त्यामुळे इंचाइंचाचा हिशेब आवश्यक होता. मायने व्हिएन्नाहून एका तरुण स्त्रीला बोलावून घेतले. तिचे नाव मार्गारेटे लिहोत्स्की, विवाहानंतर शुटे-लिहोत्स्की. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या ऑस्ट्रियातील अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक.

१९२६ मध्ये तिने जे स्वयंपाकघर आखले, ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या मुदपाकखान्याचा आदर्श तिच्यासमोर होता. दुसरी प्रेरणा अमेरिकेतून आली. क्रिस्टीन फ्रेडरिक या लेखिकेने कारखान्यातील वेळ आणि हालचालींचे मोजमाप घरकामाला लावून दाखवले होते. तिचे पुस्तक जर्मनमध्ये भाषांतरित झालेले होते. कारखान्यात कामगाराची पावले वाचवतात, मग घरात बाईची का वाचवू नयेत, असा हा साधा प्रश्न. लिहोत्स्कीने घड्याळ लावून हालचाली मोजल्या आणि त्यानुसार प्रत्येक वस्तूची जागा ठरवली.

पण या धाग्याचा खरा विषय आहे पृष्ठभागांचा. तिने कोणता पदार्थ कोठे वापरला हे पाहिले, तर सजावटीचा विचार शेवटी आलेला दिसतो. पिठाचा डबा ओक लाकडाचा, कारण त्या लाकडाने किडे दूर राहतात असे मानले जाई. चिरण्याकापण्याचा पाट बीच लाकडाचा, कारण त्यावर डाग आणि सुरीचे ओरखडे कमी उठतात. तांदूळ, साखर, डाळी ठेवण्यासाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण. मागे मूठ आणि पुढे चोच, म्हणजे खण बाहेर ओढून धान्य सरळ भांड्यात ओतता येई. आणि कपाटांचा तो प्रसिद्ध निळसर-हिरवा रंग? निळ्या पृष्ठभागावर माशा बसत नाहीत असा त्या काळच्या संशोधकांचा निष्कर्ष होता, म्हणून तो निवडला गेला.

येथे थोडे थांबायला हवे. आज छायाचित्रात तो रंग पाहणाऱ्याला त्यात ‘आधुनिकतावादी अभिरुची’ दिसते. तो निवडणाऱ्यांना मात्र माशा दिसत होत्या. त्या पिढीला जंतूंचे ज्ञान नवे होते, क्षयरोगाचे भय जुने होते, आणि शहरी स्वयंपाकघर म्हणजे काजळी, ओल आणि कीटक. धुता येईल, पुसता येईल, ज्यात फट नाही असा पृष्ठभाग ही त्यांच्यासाठी सार्वजनिक आरोग्याची बाब होती. जवसाच्या तेलापासून बनणारे लिनोलियम इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनने १८६० च्या दशकात आणले, तेही याच गुणामुळे घराघरांत पसरले.

ही स्वयंपाकघरे सुमारे १०,००० बसवली गेली. कपाटे, ओटा, टाकी हे सारे घरासोबतच मिळे आणि त्याचा खर्च भाड्यातून वसूल होई. म्हणजे भाडेकरूला निवड नव्हती. ‘कधीही जुने न होणारे’ स्वयंपाकघर नगरपालिकेनेच ठरवून दिलेले होते.

भाडेकरूंना ते कसे वाटले? तक्रारी लगेच सुरू झाल्या. दोन माणसे एकत्र उभी राहू शकत नाहीत. मुलांचे हात खालच्या खणांपर्यंत पोहोचतात. कोणत्या खणात काय ठेवावे हे आधीच त्यावर लिहिलेले. ज्या घरात साबुदाण्यापेक्षा बटाटा अधिक शिजतो, तिथे त्या पाट्यांचा उपयोग काय? र्‍योमरश्टाट या वसाहतीत सारे विजेवर चालत असल्याने बिलांवरूनही कुरबूर झाली. येथे रचनाकार आणि रहिवासी यांच्यातील जुनीच दरी दिसते. मोजमाप एका बाईच्या पावलांचे झाले होते. शेजारी उभी राहून भाजी निवडणारी सासू, बहीण किंवा मुलगी त्या गणितात नव्हती. स्त्रीचे श्रम हलके करण्यासाठी आखलेली खोली तिला एकटीला आत कोंडते, असा आक्षेप पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मात्र लिहोत्स्कीचा हेतूही विसरू नये. बैठकीच्या खोलीकडे उघडणारे सरकते दार तिने मुद्दाम ठेवले होते, काम करता करता मुलांवर लक्ष राहावे म्हणून.

दरम्यान अमेरिकेत दुसरीच कथा घडत होती. १९१३ मध्ये सिनसिनाटी येथे फॉर्मिका कंपनी निघाली. तिचा मूळ माल स्वयंपाकघराचा नव्हताच; विद्युत उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरायचे ते विद्युतरोधक होते. नावाचा अर्थच ‘अभ्रकाच्या जागी’. कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून दाबले की कडक, सहजी न जळणारा, पुसता येणारा पत्रा मिळतो हे लक्षात आल्यावर त्यावर छापील नक्षी आली. मराठी घरांत सरसकट ‘सनमायका’ म्हणतात तो हाच प्रकार. आता पृष्ठभागाला कारणाची गरज उरली नाही. कागदावर जे छापता येईल ते ओट्यावर आणता येऊ लागले. १९५० मध्ये ब्रुक्स स्टीव्हन्सने केलेली ‘स्कायलार्क’ ही बूमरँगसारख्या आकारांची नक्षी कमालीची गाजली. आज ती दिसताच पाहणारा दशक ओळखतो. साठ-सत्तरच्या दशकातील ॲव्होकाडो हिरवा आणि पिकल्या शेतासारखा पिवळा हे अमेरिकी फ्रिज-चुलींचे रंग तर आता विनोदाचा विषय झाले आहेत.

याच्याशेजारी महाराष्ट्रातील कडप्पा ठेवून पाहावा. काळ्या कडप्प्याचा ओटा कोणी शोभेसाठी निवडला नव्हता. तो स्वस्त होता, मोठ्या लाद्यांत मिळे, वर पितळी पातेले आदळले तरी चाले. त्याचा दोष निराळाच : हा चुनखडीचा दगड असल्याने लिंबू, चिंच, कोकम सांडले की चट्टा पडतो. ग्रॅनाइट आवाक्यात आल्यावर कडप्पा मागे पडला. त्यात अभिरुचीचा वाटा थोडा, आमसुलाचा अधिक.

फ्रँकफर्टमध्येही तसेच झाले. रंग खटकला म्हणून ती स्वयंपाकघरे गेली नाहीत. फ्रिज आणि कपडे धुण्याचे यंत्र आले, त्यांना त्या साडेसहा चौरस मीटरमध्ये जागा नव्हती. माशांचे भय ओसरले होते, तयार पीठ पाकिटात मिळू लागले होते, ओकचा डबा रिकामा राहू लागला. युद्धोत्तर दशकांत रहिवाशांनी एकेक करून ती उखडली. ओटे आणि कपाटे कचऱ्यात गेली, ॲल्युमिनियमचे खण जुन्या बाजारात.

मग वारे फिरले. जी थोडी शिल्लक होती ती संग्राहक शोधू लागले. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने गिनहाइम-ह्योएनब्लिक वसाहतीतील एक स्वयंपाकघर मिळवले आणि २०१० च्या प्रदर्शनात मांडले. फ्रँकफर्टमध्ये र्‍योमरश्टाट वसाहतीतील एर्न्स्ट माय यांच्या नावाच्या घरात एक पाहायला मिळते. पन्नास वर्षांत कालबाह्य, पुढल्या तीस-चाळीस वर्षांत कलावस्तू.

आणि लिहोत्स्की? १९३० मध्ये ती मायसोबत सोव्हिएत संघात नवी शहरे उभारायला गेली. पुढे इस्तंबूलमध्ये काम केले, नाझीविरोधी कम्युनिस्ट प्रतिकारात सामील झाली. त्याच कामासाठी व्हिएन्नात परतली असता जानेवारी १९४१ मध्ये गेस्टापोने तिला पकडले. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १९४५ मध्ये दोस्त सैन्याने बव्हेरियातील आइखाख तुरुंगातून तिची सुटका केली. युद्धानंतर कम्युनिस्ट म्हणून मायदेशात सरकारी कामे फारशी मिळाली नाहीत. बालवाड्या, वसाहती, शाळा असे तिचे मोठे काम जगाच्या विस्मरणात गेले आणि तिला ओळखले जाई ते त्या एका खोलीमुळे. याचा तिला उतारवयात संताप येई. ते स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, हेही ती मोकळेपणाने सांगत असे. १८ जानेवारी २००० रोजी, १०३ व्या वाढदिवसाला पाच दिवस असताना, तिचे व्हिएन्नात निधन झाले.