मोल दिलें, माल कोठें ?

विश्रामबागेंतील एखाद्या गृहिणीनें मोबाइलवरून बंगळूरच्या विक्रेत्याकडे मिक्सर मागविला, पैसेहि आगाऊ भरले. आठ दिवसांनीं 'माल पोंचला' असा निरोप आला. दारीं मात्र कोणीच आलें नाहीं. ही पीडा नव्या युगाची असें वाटतें खरें. परंतु आपल्या स्मृतिकारांनीं तिला स्वतंत्र नांवच देऊन ठेविलें होतें.

नारदस्मृतींत वादाचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत 'विक्रीयासंप्रदान' हें एक आहे. म्हणजे विकूनहि माल न देणें. कौटिल्य अशा विक्रेत्यास बारा पण दंड सांगतो. माल सदोष निघाला, किंवा राजा, चोर, अग्नि वा पाणी यांचा उपद्रव झाला, तर सूट. (२०१९ चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्या सांगलीकरांस यांतील पाण्याचें कारण समजावून सांगावयास नको.) याज्ञवल्क्य याहून पुढें जातो. किंमत घेऊन माल अडवून ठेवणाऱ्यानें तो वाढीसह द्यावा; आणि गिऱ्हाईक परदेशांतून आलेलें असल्यास, त्या देशीं माल विकून जो नफा झाला असता तोहि भरून द्यावा. लांबच्या गिऱ्हाइकाचें नुकसान अधिक, हें त्यानें नेमकें ओळखलें होतें.

१८७७ सालीं टपाल खात्यानें व्ही. पी. ची पद्धति सुरू केली. पोस्टमन पुडकें हातीं देई तेव्हांच पैसे घेई. त्यामुळें माल न येतां पैसे बुडण्याची भीति उरली नाहीं. पुडक्यांत काय आहे, हें मात्र पैसे मोजल्यावरच कळे !

आतां पुष्कळदां आधीं पैसे आणि मग माल, असा क्रम झाला आहे. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यास ग्राहक पंचायत स्थापिली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. परंतु त्या कायद्यानें तक्रार विरुद्ध पक्षाच्या गांवीं, किंवा वादाचें कारण जेथें घडलें तेथें करावी लागे. आणि तें कारण कोठें घडलें, यावरच घोळ होई. एका मिक्सरसाठीं बंगळूर कोण गांठणार ?

२० जुलै २०२० पासून अंमलांत येऊं लागलेल्या २०१९ च्या कायद्यानें ही गांठ सोडविली. तक्रारदार जेथें राहतो वा नोकरीधंदा करतो, तेथील जिल्हा आयोगापुढें त्यास दाद मागतां येते. म्हणजे विश्रामबागेच्या त्या बाईंनीं सांगलीसच जावें. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं; मुदत २ वर्षांची. तत्पूर्वीं कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्यास लिहावें. २०२० च्या नियमांप्रमाणें त्यानें ४८ तासांत पोंच द्यावयाची व महिन्याभरांत तक्रारीचा निकाल लावावयाचा असतो. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनीहि करतां येतो.

त्या बाईंस एकच सांगावेंसें वाटतें. मागणीची पावती, पैसे भरल्याची नोंद आणि रागाच्या भरांत प्रथम पुसला जातो तो 'माल पोंचला' हा निरोप, तिन्ही जपून ठेवावीं. आणि पुडकें कोणाच्या हातीं दिलें, सही कोणाची घेतली, हें कंपनीस लेखी विचारावें.