युद्ध आणि राजाविरुद्धचे बंड : झाशी-ग्वाल्हेर (१८५७-५८)

राजाचा हुकूम अखेर शिपायाच्या हातून अमलात येतो. युद्धात तोच शिपाई फिरला, की गादी उघडी पडते. फ्रान्सने एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारले आणि सप्टेंबरात तिथली राजेशाही रद्द झाली. १९१७ साली पेट्रोग्राडच्या पलटणी जमावावर गोळ्या झाडायचे नाकारून त्यालाच मिळाल्या आणि झार दुसरा निकोलस पायउतार झाला. मराठी संस्थानांच्या इतिहासात याच्या सर्वांत जवळ जाणारी घटना ग्वाल्हेरची आहे, आणि तिचा धागा झाशीपासून सुरू होतो.

झाशीत युद्धाने आधी उलटेच घडवले. तिथले राजे गंगाधरराव नेवाळकर नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. दत्तक दामोदररावांचा हक्क गव्हर्नर-जनरल डलहौसीने नाकारला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. जून १८५७ मध्ये तिथल्या १२ व्या देशी पलटणीने बंड केले, जोखनबागेत इंग्रज स्त्री-पुरुष व मुलांची कत्तल झाली आणि शिपाई दिल्लीकडे निघून गेले. मोकळ्या पडलेल्या राज्याचा कारभार राणी लक्ष्मीबाईंनी हाती घेतला. म्हणजे बंडामुळे इथे बुडालेली गादी वर आली. शेजारच्या ओरछा संस्थानाने नथेखानाच्या हाताखाली फौज धाडून झाशीवरच चाल केली, हेही विसरता येत नाही.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. वरसईचे विष्णुभट गोडसे तेव्हा शहरातच होते. ‘माझा प्रवास’मधील त्यांचे वर्णन या वेढ्याचे मोलाचे मराठी साधन आहे. तात्या टोपे यांची कुमक बेतवेकाठी मोडली, एप्रिलच्या आरंभी शहर पडले आणि राणी काल्पीला गेल्या. मे महिन्यात काल्पीही गेली. राणी, तात्या आणि रावसाहेब पेशवे मग ग्वाल्हेरकडे वळले.

जयाजीराव शिंदे व त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे कंपनीच्या बाजूला होते. त्यांच्या राज्यातली इंग्रज अधिकाऱ्यांखालची कंटिंजंट फौज वर्षभरापूर्वीच बिथरली होती. १ जून १८५८ रोजी जयाजीराव खुद्द फौज घेऊन मुरारजवळ सामोरे गेले, तेव्हा त्यांचेही बहुतेक सैन्य पेशव्यांना मिळाले. काही तासांत महाराज आग्र्याच्या वाटेला लागले. किल्ला, तोफा, खजिना सारे बंडवाल्यांच्या हाती आले. गादीवरचा धनी आपल्याच फौजेने असा टाकल्याचा इतका ठळक प्रसंग त्या उठावात दुसरा नाही.

तरीही याला क्रांती म्हणणे धाडसाचे ठरेल. शिपायांनी शिंदे सोडले ते पेशव्यांसाठी. फूलबागेत दरबार भरला, नानासाहेबांची पेशवाई जाहीर झाली, मानाची वस्त्रे वाटली गेली. राजाशिवायचे राज्य कसे असावे, याचा विचार त्या दरबारात नव्हता. रयतेला सारामाफी वा जमीन देणारा कोणताही जाहीरनामा पुढे आला नाही. फ्रान्समध्ये आणि रशियात सैन्य फुटले तेव्हा असा विचार व तो पेलणाऱ्या संघटना आधीपासून उभ्या होत्या. शिवाय लढाईची तयारी करण्यातले मोलाचे दिवस समारंभात गेले. कोटा की सराय येथे राणी धारातीर्थी पडल्या आणि २० जूनपर्यंत ग्वाल्हेर इंग्रजांनी घेऊन जयाजीरावांना परत बसवले.

युद्धाने गादी हलवली होती, त्याच युद्धाच्या शेवटाने ती भक्कम केली. १८६१ मध्ये झाशीचे शहर व किल्लाही शिंद्यांना मिळाला. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला परत घेऊन त्यांनी झाशीचे शहर व किल्ला इंग्रजांना दिला. शिंद्यांचे राज्य संपले ते १९४८ मध्ये, मध्य भारत संघातील विलीनीकरणाने.