यंत्राच्या फिर्यादीची कुळकथा

परभणीच्या गॅरेजात आज मोटार नेली, की मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावतो आणि पडद्यावर उमटलेला ‘पी ०३०२’ सारखा कोड वाचतो. कार्बोरेटरच्या काळी जो निदान-व्यवहार सर्वस्वी कानावर व अनुभवावर चाले, तो सुलभ व्हावा म्हणून हे कोड निघाले, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः त्यांचा जन्म मिस्त्रीच्या सोयीसाठी नव्हे, तर माणसाच्या श्वासासाठी झाला.

१९४० नंतर लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारे धुरकट आच्छादन पसरू लागले, तेव्हा आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनज्ञाने असे दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातील अर्धवट जळालेले इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकमेकांशी संयोग पावून ते विष निर्माण करतात. त्यातून कायदे झाले आणि १९७५ च्या सुमारास सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. परंतु इंजिन बिघडले तर हे साधन निकामी होते, आणि मालकाला त्याची वार्ताही नसते. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ पासून असा दंडक घातला, की गाडीने आपल्या बिघाडाची नोंद आपणच ठेवावी. आरंभी प्रत्येक कंपनीचे दप्तर निराळे होते. डॅशबोर्डवरच्या दिव्याची उघडझाप मोजून कोड ओळखण्याची रीतही होती. १९९६ पासून अमेरिकेत एकच सॉकेट व एकच कोडमालिका सक्तीची झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज-४ हे धुराचे मानक मुंबई, पुणे अशा निवडक शहरांत आले व त्यासोबत गाडीने बिघाडाची नोंद ठेवण्याचा दंडकही. परभणीसकट साऱ्या देशाला ते मानक लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले.

आता ‘पी ०३०२’ चेच पाहा. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरचा विभाग, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान कोड, तीन म्हणजे ज्वलनातील चूक, आणि अखेरचे दोन हा सिलिंडरचा क्रमांक. क्रँकशाफ्टशी फिरणाऱ्या दातेरी चक्राच्या गतीवर सेन्सरची अखंड नजर असते. दुसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली, की त्या क्षणी चक्र किंचित मंदावते आणि संगणक ती गोष्ट टिपून ठेवतो. न जळालेले पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व त्याचा जीव घेते. म्हणूनच मिसिंग फार वाढले, तर चेक इंजिनचा दिवा नुसता न लागता लुकलुकू लागतो.

तथापि कोड ही फिर्याद होय, निवाडा नव्हे, हे ज्याला उमजले तोच खरा मिस्त्री. अधीर माणूस कोड पाहताच नवा पार्ट आणायला धावतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे व्यर्थ जातात. जाणता मिस्त्री मात्र दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर चढवतो, कोड पुसतो व गाडी चालवून पाहतो: आता ‘पी ०३०३’ आला, तर कॉइलच गुन्हेगार, ‘०३०२’ कायम राहिला, तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन अशी चौकशी क्रमाने पुढे सरकते. शेतातल्या गोठ्याशेजारी उभ्या असणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही निघते, आणि ती शोधायला डोळे व बोटेच लागतात. ही कसोशी स्कॅनर विकत घेऊन येत नाही, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही.

कोड नुसता पुसून गाडी विकण्याची कुप्रथा मला विशेष निंद्य वाटते, कारण खरेदीदाराबरोबरच वाटेवरच्या प्रत्येक माणसाच्या हवेशी ती प्रतारणा होय. मात्र कोड पुसताच संगणकाच्या पूर्ण झालेल्या तपासण्यांची नोंदही कोरी होते, आणि ‘तपासणी अपूर्ण’ हा शेरा स्कॅनरवर वाचता येतो. तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने तो शेरा आधी पाहावा, आणि सौद्यापूर्वी गाडी गंगाखेडपर्यंत नेऊन आणावी. दोष उरला असेल, तर परतीच्या वाटेवरच दिवा लागण्याचा संभव असतो.